‘नॉर्मल’ लिहिलेली काच

प्रिय धाकट्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. काल संध्याकाळी तुझ्याकडे येऊन नुसता चहा पिऊन परतले. तुझ्या बायकोने विचारलंही, ताई, आज चित्त कुठंय तुमचं? डोकं दुखतंय म्हटलं आणि सटकले. गोष्ट तुझ्या रक्ताची आहे. एका दमात वाच, मध्येच चेष्टा नको.

अकरा दिवसांपूर्वी तू लॅबमध्ये माझी विसरलेली किल्ली द्यायला आलास. त्याच दिवशी नवं मशीन बसलं होतं. नवं मशीन आलं की आम्ही आधी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त चालवून बघतो. लिफ्ट दुरुस्त करणारा आडदांड गडी समोर असताना दुसरा कशाला शोधायचा? तू हात पुढे केलास, वर म्हणालास, भावाचं रक्त पिऊन झालं असेल तर चहा तरी पाज. आकडे भलतेच आले. पांढऱ्या पेशी चौपट, हिमोग्लोबिन आठ, प्लेटलेट चाळीस हजारांच्याही खाली. मशीन पहिल्याच दिवशी आजारी पडलं म्हणून आम्ही हसलो. मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने नळ्या धुतल्या, मग माझं रक्त घातलं, आकडे चोख. झालं, मशीन दुरुस्त! तुझा कागद मी माझ्या हाताने फाडला.

रक्ताच्या कॅन्सरच्या प्रौढ रुग्णांचा तक्ता बारा वर्षं मीच भरते. वय, तक्रारी, पुढे आकडे. तक्रारींच्या रकान्यात तेच तेच असतं: थकवा, बारीक ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. तुझ्या नडगीवरचे डाग मी पाहिले होते. लिफ्टच्या खड्ड्यात आपटलो म्हणालास, मानलं. दात घासताना रक्त येतं म्हणालास, तर मी म्हटलं ब्रश बदल. परक्या माणसाने हेच सांगितलं असतं तर त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं रे.

काल सकाळी लॅबमधल्या नव्या मुलींना दाखवायला निरोगी रक्ताचा थेंब पसरलेली काच हवी होती. त्या दिवशी तुझ्या रक्ताची केलेली काच डब्यात होती, न बघताच मी तिच्यावर तुझ्या नावाखाली ‘नॉर्मल’ लिहून ठेवलेलं. मायक्रोस्कोपखाली सरकवली. मोठाल्या, कच्च्या पेशी, एकीला लागून एक. चुकीची काच उचलली की काय म्हणून तीनदा नाव वाचलं. डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, कोणाचं आहे विचारलं. माझ्या भावाचं, म्हटलं. त्या म्हणाल्या, आणा त्याला, लगेच.

उद्या तू महिनाभराच्या कामावर बाहेरगावी निघतोयस, म्हणून हे लिहिणं. जाऊ नकोस. कमरेच्या हाडातला नमुना तपासल्याशिवाय नेमका प्रकार कळणार नाही. उपचार आहेत, पण ते आत्ता सुरू व्हायला हवेत. सगळं ठीक होईल असं वचन मी देऊ शकत नाही. अकरा दिवस मी वाया घालवले, बारावा घालवणार नाही. हे पत्र तुझ्या बायकोच्या हातात देऊन मी खाली रिक्षा थांबवून उभी आहे. शिव्या द्यायच्या तर वाटेत दे. दोन कपडे घे आणि उतर.

तुझीच, खाली थांबलेली,
ताई