दोन प्याद्यांच्या तोंडातला उंट

१ फेब्रु., रवि.
जिल्हा निवड स्पर्धा, शेवटची फेरी. निपाणीच्या सुप्रियाला हरवलं. दरवेळी शेवटी आम्ही दोघीच समोरासमोर येतो. बहुतेक तीच जिंकते.
घडलं ते असं. मला राजा हलवायचा होता. घड्याळात काही सेकंद. बोट शेजारच्या उंटाला लागलं, तो अर्धा उचलला गेला. हात लागला की तोच मोहरा खेळायचा. सु. खाली मान घालून चाल लिहीत होती, तिनं पाहिलं नाही. उंट मागं नेला तर तिचा घोडा आत येणार. मरायचंच तर तिचं कुंपण मोडून मरू दे, म्हणून तिच्या दोन प्याद्यांच्या तोंडात ठेवला.
कुठल्याही प्याद्यानं मारला तरी माझं प्यादं पुढं जाऊन वजीर होत होतं. सु. नं बराच वेळ घेतला, मग डाव सोडला.
आमच्या क्लबचे आण्णा नंतर पटाशी आले. "हे कसं गं सुचलं तुला?"
"दिसलं."
एक शब्द. तोही खोटा.

३ फेब्रु., मंगळ.
क्लबच्या ग्रुपवर तोच उंट. ऑफिसात ड्रॉइंग तपासताना एक माप चुकलं, असं माझं होत नाही. घरी येऊन डाव कॉम्प्युटरला दिला. तो आधी दुसरंच काही सांगतो, बऱ्याच वेळानं हीच चाल.
चाल बरोबर आहे. खेळणारी नाही.

८ फेब्रु., रवि.
शहापूरच्या हॉलवर आण्णांचा रविवारचा वर्ग. विषय: इतिहासातल्या अचाट चाली. तीन मोहरे मारू शकतील अशा घरात शांतपणे ठेवलेला वजीर. मोजकेच मोहरे उरलेत आणि एकानं उंट सरळ देऊन टाकला, राजाला एक पाऊल लवकर पोचता यावं म्हणून. भर डावात शत्रूकडं एकटाच चालत गेलेला राजा.
चौथी माझी.
"आण्णा, ती नको."
"लाजतीस व्हय गं? लाजायचं न्हाय."
मागून कुणीतरी, "आक्का, पेढे कधी?"
त्या तिन्ही खेळाडूंनी आधी बघून ठेवलेलं. मी धडपडले.

९ फेब्रु., सोम.
आण्णांचा फोन. सु. नं जिल्हा संघातून नाव मागं घेतलं. म्हणजे संघातला पहिला बोर्ड, मुख्य खेळाडूची जागा, मला.
तिला फोन केला.
"तुझ्यावर राग न्हाय गं. पण असलं मला जन्मात दिसायचं न्हाय. मग कशाला खेळू? आप्पांच्या दुकानात बसते."
"असं नको म्हणू," म्हटलं. पुढचं वाक्य तयार होतं. बोलले नाही. संघाची नावं पुढच्या सोमवारी जाणार.

११ फेब्रु., बुध.
अर्धी रजा. निपाणी बस. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान. काउंटरशी उभं राहून सगळं सांगितलं.
सु. हसली. "माझी समजूत काढायला एवढ्या लांब आलीस? हात लागून असलं होत न्हाय."
तिचे आप्पा चाक फिरवत, "हुतंय की. माझं निम्मं पंक्चर हात लागूनच सापडतंय."
"तुम्ही गप बसा ओ, आप्पा."
चहा झाला. तिला मी चांगली वाटले. हे जास्त वाईट.

१४ फेब्रु., शनि.
आण्णांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.
"मग मी पोरांना काय शिकवलं गं?"
त्यांनी चष्मा परत चढवला.
"उद्या तूच सांग. सगळ्यांसमोर. तिलाबी बोलीव."
सु. ला मेसेज केला. उत्तर: बघू.

१५ फेब्रु., रवि.
सांगितलं. बोर्डाजवळ उभी राहून, डाव मांडून, बोट कुठं लागलं तेही दाखवून. दोघं-तिघं हसले. आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.
सु. आली होती. शेवटच्या रांगेत. वर्ग सुटल्यावर चपला घालताना तिनं विचारलं.
"मग ठेवल्यावर तुला कधी दिसलं?"
"तुझा हात प्याद्यावर थांबला तेव्हा. तू जिकडं बघत होतीस तिकडं मी बघितलं."
"म्हंजे आधी मला दिसलं."
"व्हय."
"दोन्हीकडनं माझा डाव मरतोय हे मी बघितलं. माझं मी. आणि तू नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसलीस."
"व्हय."
"मग दिसलं म्हणून कशाला सांगितलंस सगळ्यांना?"
ती हसत नव्हती.
बसस्टँडपर्यंत गेले सोबत. "नाव परत घालायला सांगू आण्णांना?"
"तू न्हाय सांगायचं. माझं मी बघते."
बस लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.
परत येताना आण्णांकडं गेले. मला दुसऱ्या बोर्डावर घाला म्हटलं.
"आणि पहिल्यावर?"
नावं उद्या जाणार ना, सकाळपर्यंत विचारू नका, म्हटलं.