गाळलेलं तेल

३ फेब्रुवारी
आज आलं ते: राघूच्या गाडीचं नवं डिफरन्शियल, पेटीसकट – ६८,४००. सील आणि बोल्ट – १,१५०. पेटी उतरवणाऱ्याला – ५०. त्याचं खास तेल, डबे दोन, नाक्यावरच्या दुकानातून – ४,४००. एकूण ७४,०००. माझं अख्खं लग्न ह्याहून स्वस्तात झालं होतं, असं म्हटलं तर हे म्हणाले, “म्हणूनच टिकलं.”

राघूने दोन वर्षं लोकांच्या गाड्या गावोगाव पोचवून पैसे साठवले. बावीस तारखेला शर्यतीच्या ट्रॅकवर चाचणी आहे. संघवाले वेळ लावणार, एकालाच घेणार – आणि पगारावर. “आई, ह्या एका भागाने फेरीमागे दीड सेकंद वाचतो,” म्हणाला. दीड सेकंदाचे अडुसष्ट हजार! लिहिताना हात अडला.

७ फेब्रुवारी
दिवसभर बापलेक खालच्या शेडमध्ये, गाडीखाली. चहा घेऊन गेले तर नुसते चार पाय दिसले.

एवढं काय आहे त्यात, म्हणून विचारलं. ह्यांनी समजावलं – जोरात वळताना आतलं चाक हलकं होतं, नुसतं गरगरतं. जुन्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाची सगळी ताकद त्या रिकामटेकड्या चाकालाच जाते. नव्यात पातळ चकत्यांची चळत असते. जोर आला की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, मग दोन्ही चाकांना काम करावंच लागतं. “आपल्या घरात नाही ते,” मी म्हटलं. राघू गाडीखाली हसला.

ह्यांनी एकेक चकती तेलात बुडवून, बोटाने चाचपून बसवली. चाळीस वर्षं फिटरचं काम केलेला हात. राघू म्हणाला, “बाबा, कंपनीवाल्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी.” ह्यांचे कान लाल झाले.

८ फेब्रुवारी
मागच्या मोकळ्या आवारात राघूने गाडी अर्धा तास हळूहळू फिरवली – इंग्रजी आठाच्या आकारात. नव्या चकत्या अशाने एकमेकींना सरावतात म्हणे. मग ते तेल गरम असतानाच काढून फेकायचं आणि दुसरा डबा भरायचा.

काढलेलं तेल बघितलं. मधासारखं. जरासं करडं, बस. अर्ध्या तासात बावीसशेचं तेल फेकायचं? तळणाचं तेलसुद्धा आपण दोनदा वापरतो. दोघं आंघोळीला गेले तेवढ्यात मी ते फडक्यातून तीनदा गाळलं आणि मापाच्या भांड्यात काढून ठेवलं. ह्यांना वाटलं, नवा डबा फोडला. “तयारच ठेवलंस? शहाणी आहेस,” म्हणाले, आणि भरलं.

बंद डबा संध्याकाळी दुकानदाराला परत केला. आलेले बावीसशे राघूच्या चाचणीच्या फीच्या पाकिटात घातले. देवानेच बुद्धी दिली.

२१ फेब्रुवारी
उद्या चाचणी. राघू नीट जेवला नाही. देवापुढे दिवा तेवत ठेवला आहे.

२२ फेब्रुवारी
राघूचा उजवा घोटा मोडला, दोन ठिकाणी. जीव वाचला. लिहवत नाही.

२५ फेब्रुवारी
आता लिहिते. तिसऱ्या फेरीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. मग वळणातून बाहेर पडताना मागून खडखड आली, मागची चाकं एकदम जखडली, तशीच एकदम सुटली, आणि गाडी आडवी होऊन भिंतीवर. असं लंब्याने सांगितलं – राघूचा दोस्त, ट्रॅकवरचा मेकॅनिक.

आज इस्पितळात राघूने ह्यांना विचारलं, “बाबा, काय चुकलं?”

ह्यांनी खाली बघत सांगितलं, “माझी चूक. चकत्यांचा क्रम चुकला.”

राघू म्हणाला, “हात चालत नव्हते तर सांगायचं होतं. माझी दोन वर्षं तुमच्या हौसेत गेली.” डॉक्टर म्हणतात, चालेल, हिंडेल, पण शर्यतीतलं पेडल दाबणं त्या पायाने होणार नाही.

ह्यांनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. त्याने पाय ओढून घेतला – तो मोडलेला पाय.

बाहेर आल्यावर मीही बोलले. “आयुष्यात एकदा पोराने काम सांगितलं, तेही धड झालं नाही.”

९ मार्च
राघू कुबड्या घेऊन गेला. दुसऱ्या गावी, मित्राच्या खोलीवर राहणार. जाताना मला मिठी मारली. शेडकडे बघितलंही नाही. लहानपणी पोपटासारखा बोलायचा म्हणून राघू म्हणायला लागलो होतो आम्ही.

१७ मार्च
फोन उचलत नाही. शेडला कुलूप. पंधरा दिवसांत दुरुस्तीला एक गाडी आली नाही. सगळीकडे बोभाटा झाला आहे – म्हाताऱ्याचे हात गेले.

२ एप्रिल
लंब्या आला. हे फिरायला गेले होते ते बरं झालं.

“काकू, ते डिफरन्शियल मी उघडून बघितलं. क्रम अगदी बरोबर आहे. एक चकती इकडची तिकडे नाही.”

“मग?”

“तेल मेलेलं होतं. पहिलं काढलेलं तेल परत भरलं की असंच होतं. त्यात चकत्यांची भुकटी असते, आणि पकड मऊ ठेवायचं औषध संपलेलं असतं. मग चकत्या अडकतात, सुटतात, जळतात. पण काका असं कसं करतील? आणि क्रम चुकला असं का सांगितलं त्यांनी?”

मी विचारलं, फडक्यातून गाळलं तर? तीनदा?

लंब्या हसला. “काकू, ती भुकटी मैद्याहून बारीक. ती कसली फडक्याला दाद देतेय!”

त्याला चहासुद्धा विचारला नाही मी.

३ एप्रिल
ह्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“अपघातानंतर ट्रॅकवर बूच उघडून तेल बघितलं, तेव्हा बुचाला दोरा चिकटला होता. निळा. तुझ्या फडक्याचा.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“अगं, माझ्यावर रागावला तर घर सोडेल, एवढंच. तुझ्यावर रागावला तर परत यायचं म्हणून कुणाकडे येईल तो?”

इस्पितळाबाहेर बोलले त्याची माफी मागितली. म्हणाले, “कधी बोललीस? आठवत नाही मला.” ह्यांना सगळं आठवतं.

मग मला देवापुढे उभं केलं. “राघूला कळता कामा नये. शपथ घे. मी ह्याला मानत नाही, पण तू मानतेस.”

घेतली.

११ एप्रिल
एक माणूस गिअरबॉक्स घेऊन आला होता, लांबून. त्याला ट्रॅकवरचं काही ठाऊक नव्हतं. ह्यांनी दारातूनच सांगितलं, “दुसरीकडे दाखवा. माझे हात गेलेत.” मी स्वयंपाकघरातून ऐकलं. राघूसमोर बोलले होते तेव्हा आवाज अडखळला होता. आज अडखळला नाही.

दुपारी लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली. “तू उघड.” झाकण सैलच होतं.

१२ एप्रिल
शपथ मोडली. देवाला आधी सांगून मोडली – शिक्षा मला दे, ह्यांना देऊ नकोस. लंब्याकडून पत्ता घेतला. सकाळी पत्र टपालात टाकलं, त्याची नक्कल:

राघू, बाबांच्या हातून काही चुकलं नाही. चकत्या बरोबर होत्या, लंब्याला विचार. काढलेलं तेल मी गाळून ठेवलं, नवं समजून त्यांनी भरलं. माझा उद्योग त्यांना कळला होता, तरी तुझ्यापुढे त्यांनी स्वतःवर घेतलं. मला काही लिहू नकोस. पाकिटावर नाव त्यांचं घाल. दोनच ओळी लिही, पण उलट टपाली पाठव.