गुरुवारचा फोन

सनाबिस, बहारीन
शुक्रवार, २० जून २०२५

प्रिय रखमा,
सप्रेम जय भीम.

तू बरी असशील. इकडे उन्हाळा तापलाय, सकाळी आठलाच बाल्कनीच्या कठड्याला हात लावता येत नाही. उज्ज्वलची शिफ्ट पुन्हा बदलली. आम्रपाली तुझ्या हातचं पिठलं मागते आणि मी केलं की ताट सरकवते. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय.

तुझा व्हॉइस मेसेज येऊन तीन आठवडे झाले. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण वेळ होता.

तू म्हणालीस, "ताई, दादा म्हंते, मी गुरुवारीच फोन केला. मी म्हटलं, लबाड बोलू नको. आता तो माह्याशी बोलतच नाही. फोन शनिवारी आला, हे तुमी सांगा त्याले." मी रोज ते ऐकते आणि फोन ठेवून देते. तुझ्या दादाचे, दशरथचेही चार-पाच फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

आज खरं तर तुझा व्हिसा अजून चालू आहे, कधी येतेस, एवढंच विचारायला बसले होते.

आम्रपालीला शाळेत अमेरिकेच्या यादवी युद्धाचा प्रोजेक्ट आहे. गुलाम ठेवायचे की नाही, यावरून तो देश दुभंगला, चार वर्षं लढला, लाखो माणसं मेली. मध्येच गुलाम मोकळे केल्याचा हुकूम निघाला, पण टेक्सासच्या मळ्यांवर तो अडीच वर्षांनी पोचला. कितीतरी मालकांना आधीच ठाऊक होतं. कापूस हाती येईपर्यंत ते गप्प बसले म्हणतात. हुकूम वाचला तेव्हाही त्यात होतं, आहात तिथंच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा. पुढे देश पुन्हा उभारायची वर्षं आली, मताचा हक्क मिळाला, मग तो हळूहळू काढूनही घेतला. करारावर अंगठा दिलेला माणूस वर्ष संपायच्या आत मळा सोडून गेला, तर त्याला पकडून आणत.

मी तिला मोठ्या उत्साहानं सांगत होते. आपल्या माणसांचंही असंच झालं, असं काहीतरी. ती चार्टवर कापसाची बोंडं रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "ममा, दे न्यू. दे जस्ट वेटेड फॉर द कॉटन."

तिचं इंग्रजी तुला कळायचं, तरी लिहिते. त्यांना माहीत होतं, ते फक्त कापसासाठी थांबले होते.

रखमा, दशरथनं गुरुवारीच फोन केला होता. दुपारी, माझ्या नंबरवर. तुला वेगळा मोबाइल आम्हीच घेऊ दिला नव्हता, माझा आहेच की म्हणून. तो म्हणाला, आईनं अन्न सोडलंय, सारखी रखमाला विचारते, आजच पाठवा. मी हो म्हटलं. तू आत बट्टीचं पीठ काढत होतीस. दुसऱ्या दिवशी नईम भागातल्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम, दीडशे माणसं, आणि बट्ट्या तुझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत. कोणाचा फोन, तू विचारलंस. ऑफिसचा, मी म्हटलं.

शुक्रवारी मी समतेवर भाषण केलं. तू हात पुसत बाहेर आलीस आणि टाळ्या वाजवल्यास.

शनिवारी सकाळी भांडी घासून झाल्यावर मी तुला सांगितलं, आत्ताच फोन आला. आमच्या कपाटातून तुझा पासपोर्ट काढून दिला तर तू माझे हात धरलेस, म्हणालीस, ताई, तुमचे लय उपकार. तुझ्या आई, सुमनबाई, त्याच दुपारी गेल्या. तू विमानात बसलीस ती रात्री. गुरुवारी निघाली असतीस, तर आई तुला भेटली असती.

फोन आला तेव्हा आम्रपाली सोफ्यावर माझ्या शेजारी बसली होती. ती दोन महिने काही बोलली नाही. आज कापसाचं बोलली.

मला स्वतःची किळस येते. क्षमा मागत नाही, तू देऊन टाकशील अशी भीती वाटते.

हे पत्र दशरथसमोर मोठ्यानं वाच. जोडाक्षरांत अडखळलीस तर त्याच्याकडून वाचून घे. तो खरं बोलत होता. आणि पासपोर्ट तुझ्याचजवळ ठेव, पुन्हा कोणाच्या कपाटात देऊ नकोस.

मॅडम नको, ताई म्हण, हे पहिल्या दिवशी मीच तुला शिकवलं होतं. आज सही करताना तो शब्द लिहायला हात धजत नाही.

ज्योत्स्ना