जयरामकाकांची बढती

सावंतवाडी, सोमवार

चि. गौरजास सुगंधामावशीचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही खुशाल आहोत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. पत्र अशासाठी, की घरात फोन एकच आणि त्यावर आलं-गेलं सगळं तुझे काका वाचतात. पुण्यात वेळेवर जेवतेस ना? कुळथाचं पीठ तुझ्या आईकडे दिलं आहे, मागून घे.

चतुर्थीला आलीस तेव्हा तुमच्या कंपनीचा तो संसाराचा खेळ लॅपटॉपवर घालून गेलीस (माणसं बनवायची, त्यांना घर द्यायचं, जेवू घालायचं, नोकरीला लावायचं), आणि यातल्या नोकऱ्या रंगतदार कशा करता येतील ते खरं खरं सांग म्हणालीस. मला तर खेळ बघून हायसंच वाटलं. मे महिन्यात कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तुझे काका माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले होते. डबे उंचीप्रमाणे लावले, मोहरी आणि जिऱ्याच्या जागा बदलल्या, आणि गॅस बारीक कधी करायचा याच्या सूचना तोंडी देऊ लागले. दुसऱ्या खोलीत बसतील तर बसू देत, म्हणून मीच आग्रह केला.

आम्ही आमच्याच नावांचं जोडपं बनवलं. खेळातला जयराम सकाळी न्याहारी करून गाडीत बसला आणि नाहीसा झाला. दिवसभर पडद्यावर फक्त मी, भांडी घासताना आणि तुंबलेली मोरी साफ करताना. संध्याकाळी तो परत आला आणि त्याच्या नावापुढची कामगिरीची पट्टी जराशी वाढली. (माझ्या नावापुढे पट्टीच नाही. हेही कंपनीत सांग.)

मी विचारलं, "ह्यो दिवसभर खंय आसता?"

"कचेरीत."

"ता माका म्हायत आसा. थंय करता काय?"

काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "काम."

गौरजा, जन्मभर मी या माणसाला डबा भरून दिला आणि संध्याकाळी रिकामा घासला. मधल्या वेळात काय होतं ते मला तुमच्या खेळाइतकंच ठाऊक होतं.

मग तू ती नवी आवृत्ती पाठवलीस, ज्यात त्याच्याबरोबर कचेरीत जाता येतं. पहिल्याच दिवशी काका इस्त्रीची पँट घालून लॅपटॉपपुढे बसले आणि दुपारी डबा तिथेच मागवला (डबाच, ताट चालेना). टेबल, कागद, खिडकीशी माणसं. माणूस आला की काम करा, उद्या बोलवा किंवा चहाला जा, यातलं एक दाबायचं. शिवाय कोपऱ्यात एक चकचकीत बटण, 'साहेबांची स्तुती करा'. त्याच्याकडे काकांनी दुधात पडलेल्या माशीकडे पाहावं तसं पाहिलं. एक बाई चुकीचा कागद घेऊन दाखल्याला आली. मी म्हटलं, उद्या बोलवा, जेवण निवतंय.

"आंबोलीसून पयल्या गाडयेन इली असतली ती," काका म्हणाले. "उद्या परत खंयसून येतली?"

ती आंबोलीची आहे असं खेळात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी तिचं काम तिथल्या तिथे करून दिलं, तरी पट्टी जागची हलेना. शेजारच्या टेबलावरचा गुलाबी शर्टवाला दिवसभर चहा पिऊन आणि साहेबांना हसवून वर चढला. काकांनी हळूच लॅपटॉप मिटला. त्या रात्री बांगड्याचं तिखलं होतं, पण त्यांनी मागून घेतलं नाही. तुला म्हणून सांगते, खऱ्या कचेरीतही ते ज्या खुर्चीत होते त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. घरी कधी बोलले नाहीत. निरोपसमारंभात मंचावर बसलेले तिघंही साहेब एके काळी यांच्या हाताखाली काम शिकले होते, हे मला तिथल्या भाषणांत कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हायला गेले आणि मी ते बटण दाबलं. खेळातला जयराम कमरेत वाकला आणि साहेबांच्या टायची तारीफ करू लागला. ते बघवेना, पण साहेब हसला, म्हणून आणखी दाबलं. शेवटी तुतारी वाजली, फुलं पडली, बढती झाली. मी धावत जाऊन विळीवर नारळ खवायला बसले.

काका बाहेर आले. पडद्यापुढे उभे राहिले. मग अगदी कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "काम पाहिलं त्यांनी." सदरा चढवून बाजारातून पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि शेजारच्या सावित्रीला द्यायला गेले. तिने विचारलं, कसले? तर म्हणाले, "माका बढती मेळली." सावित्री मागच्या दाराने माझ्याकडे आली आणि दबक्या आवाजात विचारून गेली, डॉक्टरांना दाखवलं काय.

आता खेळात त्यांना वेगळी खोली आहे. सगळ्यांना वेळेवर यायला लावलं, त्यामुळे निम्म्या लोकांनी बदली मागितली आहे. घरात मात्र फार सुखाचं वातावरण आहे. तेव्हा माझं मत असं, की नोकऱ्या अशाच करा.

बाकी भेटीअंती. जागरणं करू नकोस.

तुझी,
सुगंधामावशी

ता. क. परवा फोनवर तू काकांना म्हणालीस, की पुढच्या आवृत्तीत बढती कशामुळे मिळाली तेही दिसणार. चांगली सोय आहे, सगळ्यांना द्या. आमचं घर तेवढं वगळा. पत्र खरं तर एवढ्याचसाठी.

आणखी ता. क. जमल्यास त्या गुलाबी शर्टवाल्याची घाटावर बदली कर.

(वेगळ्या अक्षरात)

चि. गौरजास आशीर्वाद. सदर पाकीट तुझ्या मावशीने टपालात टाकण्यासाठी सावित्रीकडे दिले होते. मी बाजारात निघालो होतो, म्हणून तिने ते माझ्याकडे सोपवले. पत्त्यात पिनकोड नव्हता. आत कुठे लिहिला आहे का, हे पाहण्यासाठी उघडावे लागले. मजकूर वाचला.

त्या दिवशी साबण संपला म्हणून मी न्हाणीघराचे दार उघडले होते. ती बटण दाबत होती, आणि दर वेळी देवघराकडे वळून हात जोडत होती. मी दार लावून घेतले आणि तिचे आटोपेपर्यंत साबणाशिवायच आणखी एक बादली अंगावर घेतली.

तिची विनंती मान्य करावी. मला कळल्याचे तिला कळवू नये.

जयराम