चेसीखालच्या चार फुल्या

नाना, तुमचं वाकडं काम आज माझ्यापुढे उघडं पडलंय. जळगावच्या केळीवाल्या शेठची ती लांबडी अमेरिकन गाडी परत धुळ्याला आलीय, आपल्याच गॅरेजात. तुम्ही जिथे उकिडवे बसायचे, तिथे मी स्टूल टाकून बसलोय. उकिडवं बसून गुडघे घालवायचे आणि मग लसणाचं तेल चोळत कण्हत फिरायचं, हा तुमचा धर्म होता, माझा नाही. बॉडी उचलून बाजूला ठेवली. आता नुसती चेसी समोर आहे, शिडीसारखी, दोन लांब लोखंडी रूळ आणि मधे आडवे तुकडे. पुढचा आडवा तुकडा तुमचा. दोन्ही चाकांचे आर्म, स्प्रिंगा, सगळं त्याच्यावर बसतं. वेल्डरच्या डोक्यावर बसून तुम्ही करून घेतलेलं वेल्डिंग बघून लगेच ओळखलं. काय सुंदर वेल्डिंग आहे हो. अकरा वर्षांत केसभर हललेलं नाही. वाकडी वस्तू इतक्या पक्केपणाने बसवणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल.

गाडी का आली ते सांगतो. त्या वरातीनंतर शेठने तिला केळी पिकवायच्या खोलीशेजारच्या शेडमधे ढकलून दिली. तिथे बारा महिने ओल. बाहेरून कापड झाकलेलं, आतून चेसी पापडासारखी. शेठ लोकांची अक्कल अशीच असते. सीटवर धूळ बसू नये म्हणून चादर घालतात आणि ज्या लोखंडावर सीट उभी आहे ते सडू देतात. आता शेठचा मुलगा, तोच, त्या दिवशीचा नवरदेव, मला म्हणतो, मोबाईलवर तुझे व्हिडिओ बघितले, तू जुन्या गाड्या चांगल्या करतोस, आमचीपण कर. माझे व्हिडिओ! आयटीआयमधून काढून टाकलेल्या पोराचे. तुम्ही माझ्या कपाळावर नापास लिहून ठेवलं होतं ना, आता ते कपाळ लोक जळगावहून बघतात.

तुमच्या मोजमापाची तर मी रोज टिंगल करतो. गॅरेजातल्या पोरांना करून दाखवतो. चेसी लोखंडी घोड्यांवर ठेवायची, चार कोपऱ्यांतून ओळंबा सोडायचा, ओळंब्याचं टोक जिथे जमिनीला टेकेल तिथे खडूने फुली. चार फुल्या झाल्या की कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणायची, ही तिरकी आणि ती तिरकी. दोन्ही सारख्या आल्या तर चेसी सरळ. आणि हे करताना तोंड असं, जसं काही देव घडवताय. गिऱ्हाईक उभं असलं की आवाज अजून मोठा. "डोया खोटं बोलस, दोरी खोटं बोलस नही." आणि लगेच पुढच्या वाक्यात, "मना डोया केसभर फरक धरस." अहो, मग दोरी कशाला? एवढं मी विचारलं होतं, आठवतंय का? तुम्ही पान्हा फेकला होता. मला नाही लागला. डोळा केसभर फरक धरतो आणि चार हातांवरचं पोरगं चुकतं.

तुम्हाला माझ्यावर विश्वास नव्हता, हे ठीक. मीपण तसाच होतो. शेठच्या स्कूटरच्या सायलेन्सरमधे त्याच्याच बागेतलं कच्चं केळ कोंबलं होतं ते मीच. तुमच्या चष्म्याच्या डबीत ग्रीस भरलं होतं तेपण मीच. पण तुमचा तर कोणावरच विश्वास नव्हता. मी नट आवळला की तुम्ही येऊन परत आवळायचे. वेल्डरने टाका मारला की हातोडीने ठोकून बघायचे. आईने चहात साखर टाकली तरी आधी घोट घेऊन, मान हलवून, मग दुसरा घोट. असला बाप मी पाहिला नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं काम परत करत राहिले आणि वर म्हणायचे, आराम नाही.

वरातीचा दिवस मी विसरत नाही. शेठच्या घरातला प्रत्येक नवरदेव त्याच गाडीत बसून निघतो, म्हणून तर तुमच्याकडून चेसीचा पुढचा तुकडा नवीन टाकून घेतला होता. धुळ्याहून जळगावला नेतानाच ड्रायव्हर पारोळ्याला थांबून म्हणाला, "मिस्त्री, डावीकडे ओढतेय." तुम्ही म्हणालात, नवे रबरी बुश आहेत, बसतील. संध्याकाळी वरात निघते. गाडी झेंडूने मढवलेली, पुढे बँड, तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून गाडीच्या बाजूने चालताय, जसे काही नवरदेवाचे बाप. कोणीतरी ड्रायव्हरला फेटा बांधलेला. तो सुटायला लागला. ड्रायव्हर दोन्ही हात वर नेतो, आणि गाडी, बस, डावीकडे. सावकाश, अगदी लाजत लाजत, बँडच्या मोठ्या ढोलात जाऊन बसते. ढोलवाला उडी मारून वाचला. ढोल फाटला. आधी कोणी हसलं नाही. मग शेठ खाली उतरले.

"मिस्त्री, गाडी नीट केली का बैल जुंपला तिला? डावीकडे गोठा दिसला वाटतं."

तेव्हा सगळे हसले. बँडवालेपण हसले.

"डोळे तपासून घ्या आता. वय झालं तुमचं."

मी वाट बघतोय की तुम्ही आता भडकणार. माझ्यावर पान्हा फेकता, शेठवर निदान शब्द तरी फेका. तुम्ही टोपी काढली, हातात धरली आणि म्हणालात, "मनी चूक शे, शेठ." तेवढंच. शरम वाटली मला तुमची. अजून वाटते. त्या चार शब्दांवर जळगाव-धुळ्यात गोष्ट पसरली की मिस्त्रीचा डोळा गेला. साक्रीचा जीपवाला यायचा बंद झाला, जामनेरचा ट्रॅक्टरवाला बंद झाला. तुम्ही पंक्चर काढत बसले. दोन वर्षांनी गेलात. तिसऱ्या दिवशी राखेला आलेला एक जण मला ऐकू जाईल असं म्हणत होता, हात चांगला होता, पण शेवटी डोळ्याने घात केला.

आणि वरातीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलं, तर गॅरेजची फरशी धुतली. सकाळी येऊन बघतो तर तुम्ही बादली, सोडा आणि खराटा घेऊन, गुडघ्यांवर. त्या फरशीने माझ्या जन्मापासून पाणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, नाना, काय हे? तुम्ही वर न बघता म्हणालात, "बहू घान शे आठे." मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

तर आज मी मोजलं. आता एकदाचं बघूनच टाकू म्हटलं, किती गेला होता डोळा. ओळंबा सोडला, चार फुल्या केल्या, टेप लावला. एक तिरकी लांब, एक आखूड. डावी पुढची फुली मागे आहे. उजवं चाक जिथे आहे तिथे डावं नाही, म्हणून गाडी डावीकडे ओढते. साधी गोष्ट. किती मागे? एक बोट. मी बोट ठेवून बघितलं. माझंच बोट, बरोब्बर बसलं. त्या वेळेस जरा बारीक होतं एवढंच.

जुना तुकडा कापायच्या आधी तुम्ही चार फुल्या केल्या होत्या, नवा त्यांच्यावरच ओळंबा धरून बसवायचा म्हणून. मोजल्या, दोन्ही तिरक्या सारख्या होत्या. मग तुम्ही वेल्डरला बोलवायला गेले आणि जाताना मला म्हणाले, "ह्या खुना तू सांभाय. कोनाले पाय ठेऊ देऊ नको." मी एकटा. समोर चार फुल्या. आणि डोक्यात तुमचं ते वाक्य, केसभर फरक धरस. म्हटलं, केस कशाला, बोटभर देतो, बघू धरता का. डावी फुली पायाने पुसली, बोटभर मागे नवी काढली. तुम्ही येणार, ओळंबा सोडणार, दोरी ताणणार, ती चुकणार, तुम्ही चक्रावणार, आणि मी हसणार. एवढाच कार्यक्रम होता. मग माझा मित्र आला, आम्ही भजी खायला गेलो. परत आलो तर तुकडा बसलेला, टाके लागलेले, तुम्ही चहा पिताय. मी तोंड उघडलं होतं, नाना. तुम्ही विचारलं, "काय शे?" मी म्हटलं, काही नाही.

तुम्ही दोरी ताणलीच नाही. अकरा वर्षं मी ह्याच्यावर तुम्हाला हसतोय. नट परत आवळणारा, चहा परत चाखणारा माणूस, नेमकं त्याच दिवशी परत मोजत नाही. दोन मिनिटांचं काम. एवढी अक्कल नव्हती? असं मी स्वतःलाच ऐकवत आलो, कारण ते सोपं पडतं. आयुष्यात एकच गोष्ट तुम्ही परत तपासली नाही, आणि ती माझ्याकडे सांभाळायला दिलेली होती. निवडून निवडून मलाच दिली, नाना. इतका मूर्ख मिस्त्री मी पाहिला नाही. आणि फरशीवर पुसलेल्या फुलीचा पांढरा डाग राहतो, नवीच्या पुढे बोटभर, हे आज माझ्याच हाताने एक फुली पुसून बघितलं तेव्हा मला दिसलं. तुम्हाला तर वरातीच्या दुसऱ्याच दिवशी दिसला असेल, बादली भरायच्या आधी. केसभर धरणारा डोळा होता म्हणे.

काल शेठचा मुलगा आला होता. चेसीभोवती फिरला, फोटो काढले. म्हणाला, "खरं सांग, तुझ्या नानांचा डोळा गेलाच होता ना? आता ते थोडीच ऐकायला येणारेत."

मी हात पुसत म्हटलं, "हो."

"तुझा हात सरस निघाला त्यांच्यापेक्षा."

मी म्हटलं, "तेवढं व्हिडिओखाली लिहा, भाऊ." दोघं हसलो.

तुमचा तुकडा आज कापून काढला. कापायला दुपार गेली, सोडतच नव्हता. नवीन तुकडा तयार आहे, फुल्या चारदा मोजल्यात, कोणाला सांभाळायला दिल्या नाहीत. डावीकडे मात्र फरशीवर दोन फुल्या आहेत, एक खरी आणि एक तुमच्या तुकड्याची, बोटभर मागे. उद्या शेठचा मुलगा वेल्डिंग बघायला येणार आहे. तो विचारणार, इथे दोन कशा? हा कागद तुमच्या ओळंब्याच्या डबीत ठेवतोय, अजून कुठे ठेवणार. उद्या सांगीन असं काही लिहीत नाही, तुम्ही मला ओळखता. एवढं मात्र लिहितो की मघाशी मी सोडा टाकून बादली भरून आणली होती. दारात आहे. अजून भरलेलीच आहे.