लुसीनासाठी एक दिनार

प्रिय हिलारा,

ओस्तियाहून तुझा निरोप मिळाला. ‘कुणी येऊ नका, काही शिवू नका, या वेळी आशाच नको.’ तुझ्या आईने तो ऐकला आणि हातातलं अर्धवट शिवलेलं दुपटं मांडीखाली दडवलं. मला वाईट वाटलं गं, पण हसूही आलं.

टांकसाळीत सध्या लुसीनाचा दिनार चाललाय. एका बाजूला सम्राज्ञी, दुसऱ्या बाजूला आपली बाळंतिणींची देवी, डाव्या हातावर बाळ. ठसा माझ्याकडे होता. ठशात सगळं उलटं कोरायचं, हे आयुष्यभर केलं, आणि या खेपेला सुलटंच कोरून बसलो! शिशावर छाप काढून पाहिली तर बाळ भलत्याच हातावर, डावा हात मोकळा. आमचा मुकादम फॉर्तिस खेकसला, “म्हाताऱ्या, डोकं कुठंय तुझं? देवीला डावखुरी केलीस की!” डोकं ओस्तियात होतं, दुसरं कुठे असणार? नवा ठसा कोरला. मसुराएवढ्या त्या बाळाच्या मुठी मी घट्ट वळवल्या. भांडखोर, अगदी तुझ्यासारखं.

गेल्या साली तुझी मुलगी गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे जन्माचं नाणं लुसीनाच्या देवळातल्या पेटीत आणि मरणाचं मृत्यूच्या देवीच्या, लिबितीनाच्या, दोन्ही मीच एका दिवशी टाकून आलो. तुला कधी बोललो नाही. तेव्हापासून लुसीनावर माझा राग होता. तिचे हात कोरता कोरता तो निवळला, खरं सांगतो.

सोबतचा दिनार माझ्या पगारातला, नवाकोरा. बाळ झालं की लुसीनाच्या पेटीत टाकायचा. मी नाही टाकणार. बाळाला घेऊन रोमला ये आणि तूच टाक.

पत्र लिहिलं ते मात्र आईसाठी. हे तिनेच आत पाठवलंय आणि ती तुझ्या दाराबाहेर उभी आहे. धान्य उतरवून ओस्तियाला परतणाऱ्या रिकाम्या पडावातून आलीय. “नको म्हणाली तर हो?” असं हे लिहितानाही मला विचारत होती. तू ओळखतेस तिला, एक बट सुटली तरी शेजारणीसमोर न जाणारी बाई. पण लुसीनापुढे अंगावर गाठ चालत नाही ना, गाठीने बाळंतपण अडतं म्हणतात, म्हणून घरातूनच अंबाडा सोडून, कमरेचा पट्टा सोडून निघाली. केस मोकळे टाकून अख्ख्या घाटासमोरून तशीच चालत आली असेल. हिलारा, तिला आत घे.

तुझाच,
बाबा हर्मेरोस