शीतकपाटात मेलेला घेवडा आणि उरलेली एक बरणी

बी-संघाच्या सभासदांनो, सलग दोन हंगाम तुम्ही संघाच्या भांडारातले घेवड्याचे बी पेरलेत आणि सलग दोन हंगाम तुमचे मांडव ओकेबोके राहिले. वर अध्यक्षांनी तुम्हालाच सुनावले की पाणी जास्त घातलेत. हे मृत्युपत्र माझ्या दोन्ही मुलांसाठी आहे तितकेच तुमच्यासाठीही आहे. माझ्यामागे ते भरसभेत मोठ्याने वाचावे.

मी, संघाचे भांडार एकतीस वर्षे सांभाळलेली बाई, वय एक्याऐंशी, हे कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. माझ्या थोरल्याला, म्हणजे तुमच्या अध्यक्षांना, शंका असल्यास त्याने स्वतःचाही एक काढून घ्यावा. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घर आणि बँकेतली शिल्लक थोरल्याला व धाकटीला निम्मी-निम्मी. घरातली उत्तरेची खोली मात्र धाकटीच्या वाट्यात धरावी. तिथे ऊन येत नाही, स्वयंपाकघरातली वाफ पोहोचत नाही. थोरला त्या खोलीला अडगळ म्हणत आला.

हवेतला ओलावा मोजणारे माझे यंत्र थोरल्याला. भांडाराच्या भिंतीवरून ते उतरवून त्याने तिथे स्वतःचा फोटो लावला. फोटोला ओलावा मोजता येत नाही.

त्याच्या कर्तबगारीची नोंद इथे करून ठेवते. माझ्या हातून भांडार काढून घेतल्यावर त्याने काचेच्या दाराचे शीतकपाट आणले. बी नीट वाळवून, झाकण घट्ट लावून थंडीत ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते, हे मीच त्याला शिकवले होते. त्यातले 'थंडी' एवढेच त्याच्या लक्षात राहिले. पाहुणे आले की हा घेवड्याच्या बियांची गार बरणी बाहेर काढून लगेच उघडायचा. बाहेरची दमट हवा आत शिरायची, गार बियांवर दव धरायचे आणि तशीच ओली बरणी पुन्हा कपाटात जायची.

मी म्हटले, "अरे, बरणी आधी खोलीइतकी कोमट होऊ दे, मग उघड."

"आई, पाहुणे काय दिवसभर थांबणार? त्यांना नुसतं झाकण दाखवू?"

"झाकणच दाखव. या भांडारात तेवढंच काम करतंय."

दुसऱ्या हंगामानंतर मी त्या बरणीतल्या शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. आठ दिवसांत अकरा रुजल्या, बाकीच्यांना बुरशी आली. थोरला म्हणाला, "बी म्हातारं झालं, आई. वय झालं की व्हायचंच."

"मी त्याहून म्हातारी आहे. पण मला कोणी ओलं करून डब्यात कोंबलं नाही!"

त्याच पिकाचे उरलेले बी धाकटीने उत्तरेच्या खोलीत ठेवले होते. सावलीत वाळवलेले, तळाशी ओलावा शोषायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, रबर लावलेले झाकण. शीतकपाट नाही, फोटो नाही. शंभरातल्या चौऱ्याऐंशी बिया रुजल्या.

या वाणाचे जिवंत बी आता तेवढ्या एका बरणीत आहे. थोरल्याला ती हवी आहे. शीतकपाटात ठेवून तिच्याखाली माझ्या नावाची पाटी लावणार म्हणतो. ही बरणी मी त्याला देत नाही, धाकटीलाही देत नाही. एका ठिकाणी राहिलेले बी एका मूर्खाच्या हातून संपते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

माझा राग मी वाटून देणार नाही. तो सगळा थोरल्याला. संघाच्या सभांतल्या माझ्या भाषणांच्या वह्या रद्दीवाल्याला, निदान तो त्या कोरड्या जागी ठेवेल.

बरणी सभासदांची. म्हणून आता टाळ्या वाजवत बसू नका. धाकटीसमोर रांग लावा, प्रत्येकाने वीस बिया घ्या आणि जमिनीतला चिखल ओसरून वाफसा येताच आपापल्या वाफ्यात पेरा.

लिहून देणार: भांडारवाली (सही)

आम्हां दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारचे शिंपीकाका (सही, "बाईंनी दोनदा वाचून दाखवले, दुसऱ्यांदा जास्त जोरात")

ठिकाण: राहते घर, उत्तरेची खोली
दिनांक: ९ मार्च २०१९